पिकल्या पानांचे दाखले

कॅथलीन ग्रंडी वयाच्या ८१व्या वर्षीही वृद्धांच्या केंद्रात जात, पण जेवायला नव्हे, वाढायला. २४ जून १९९८च्या दुपारी त्या आल्या नाहीत. वेळ चुकवणारी बाई नव्हे, म्हणून केंद्रातली माणसं घरी बघायला गेली. बाहेर जायच्या कपड्यांत, डोळा लागावा तशा त्या कोचावर पडल्या होत्या. डॉक्टरांना बोलावणं गेलं. डॉक्टर आले, सकाळीच आपण येऊन गेलो होतो म्हणाले, आणि पुढे मृत्यूचा दाखला लिहिला. कारणाच्या रकान्यात भरलं : वार्धक्य.

पिकलं पान गळायचंच, असं आपल्याकडे म्हणतात. मँचेस्टरच्या पूर्वेला असलेल्या हाइड या जुन्या गिरणगावातले लोकही अनेक वर्षं आपापल्या शब्दांत तेच म्हणत आले होते. म्हातारी माणसं जात होती, बहुतेक बायका, बहुतेक एकट्या राहणाऱ्या. कुणी खुर्चीत, कुणी कोचावर, अंगावर नीट कपडे. हाल नाहीत, लोळागोळा होणं नाही, इस्पितळाच्या वाऱ्या नाहीत. मरण यावं तर असं, असंच कुणालाही वाटलं असतं. आणि प्रत्येक दाखल्याखाली सही एकाच माणसाची होती : डॉ. हॅरॉल्ड फ्रेडरिक शिपमन.

हा माणूस कोण होता, त्याच्या मनात काय होतं, यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. इथे सांगायची गोष्ट वेगळी आहे. ती एका कागदाची आहे. औषधाने मारलेलं माणूस सरकारदरबारी 'नैसर्गिक मृत्यू' म्हणून कसं नोंदलं जातं, तो कागद पुढे किती हातांतून जातो, आणि त्यातला एकही हात थांबत का नाही, याची.

शिपमनचा जन्म १९४६चा, नॉटिंगहॅमचा. तो सतरा वर्षांचा असताना आई फुप्फुसाच्या कर्करोगाने गेली. शेवटच्या दिवसांत डॉक्टर घरी येऊन तिला मॉर्फिन देत. पुढे लीड्सला वैद्यकीय शिक्षण झालं. १९७४मध्ये तो यॉर्कशरमधल्या टॉडमॉर्डन गावी सहकारी डॉक्टरांबरोबर काम करू लागला आणि वर्षभरातच सापडला. रुग्णांच्या नावाने खोट्या चिठ्ठ्या लिहून तो पेथिडिन मिळवत होता, स्वतःला टोचून घेण्यासाठी. १९७६मध्ये न्यायालयाने ६०० पौंड दंड केला. डॉक्टरांच्या नोंदणी परिषदेने ताकीद दिली, परवाना मात्र काढून घेतला नाही.

या प्रकरणातून एक विचित्र सोय झाली. आपण यापुढे अमली औषधं जवळ बाळगणार नाही, असं शिपमनने सांगितलं होतं. अशी औषधं बाळगणाऱ्या डॉक्टरला त्यांची नोंदवही ठेवावी लागे आणि ती वही तपासायला निरीक्षक येऊ शकत. जो काही ठेवतच नाही त्याची वही कसली आणि तपासणी कसली! १९७७मध्ये तो हाइडला आला, १९९२मध्ये त्याने मार्केट स्ट्रीटवर स्वतःचा एकट्याचा दवाखाना थाटला. सुमारे ३,००० रुग्ण नावावर. घरी येऊन तपासणारा, म्हाताऱ्यांची विचारपूस करणारा डॉक्टर म्हणून गावात त्याचा लौकिक होता. आणि वही नसलेल्या त्याच्या बॅगेत डायमॉर्फिन होतं. कधी रुग्णाच्या नावावर चिठ्ठी लिहून शेजारच्या औषधाच्या दुकानातून आणलेलं, कधी कर्करोगाने गेलेल्या रुग्णाच्या घरी उरलेलं. घरच्यांना तो सांगे, हे मी नष्ट करतो. घरच्यांना तेवढाच एक भार कमी वाटे.

डायमॉर्फिन म्हणजे हेरॉइनच. ब्रिटनमध्ये ते शेवटच्या आजारातल्या वेदनांसाठी औषध म्हणून रीतसर वापरलं जातं. ज्याला त्याची सवय नाही अशा म्हाताऱ्या माणसाच्या शिरेत ३० मिलिग्रॅम गेलं, तर काही मिनिटांत ग्लानी येते, श्वास मंदावत जातो आणि थांबतो. झटके नाहीत, उलटी नाही, ओरडणं नाही. बाहेरून दिसलीच तर सुई टोचल्याची एक बारीक खूण, आणि डॉक्टर रक्त घेऊन गेला असेल तर तिचंही कुणाला नवल वाटत नाही. नुसतं शवविच्छेदन केलं तरी ठळक असं फारसं काही दिसत नाही. रक्त, यकृत, स्नायू यांचे नमुने विषतज्ज्ञाकडे गेले तरच उत्तर मिळतं. आणि नमुने तेव्हाच जातात, जेव्हा आधी कुणाला तरी शंका येते.

शंका येऊ नये याची व्यवस्था दाखल्यातच होती. इंग्लंडमध्ये अनैसर्गिक किंवा अनाकलनीय मृत्यूची चौकशी कॉरोनर करतो. पण प्रकरण कॉरोनरकडे जायचं की नाही, हे प्रत्यक्षात ठरवायचा तो शेवटचा उपचार करणारा डॉक्टर. त्याने रुग्णाला अलीकडे पाहिलं असेल आणि नैसर्गिक कारण लिहिलं असेल, तर गोष्ट तिथेच संपे. शिपमन घरच्यांना सांगे, मी त्यांना नुकतंच पाहिलंय, शवविच्छेदनाची गरज नाही. दुःखातल्या माणसाला हे ऐकून हायसंच वाटतं. आईच्या देहाला सुरी लागावी असं कुणाला वाटेल?

दहन करायचं असेल तर मात्र कायदा जास्त कडक होता. एकदा राख झाली की पुरावा संपला, हे ओळखून विसाव्या शतकाच्या आरंभीच नियम केले गेले होते. उपचार करणाऱ्या डॉक्टरने 'बी' नमुना भरायचा. त्याच्याशी संबंध नसलेल्या दुसऱ्या डॉक्टरने देह पाहून, चौकशी करून 'सी' नमुना भरायचा. मग दहनगृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दोन्ही कागद पाहून परवानगी द्यायची. तीन डॉक्टर, तीन सह्या. कागदावर ही तटबंदी अभेद्य दिसते.

प्रत्यक्षात दुसरा डॉक्टर पहिल्याशी बोले, देहावर नजर टाके आणि सही करी. या सहीची फी मिळे, आणि डॉक्टरांमध्ये तिला 'राखेचे पैसे' असं बोलीतलं नावही होतं. सी नमुन्यात एक प्रश्न छापलेला होता : मृताच्या नातेवाइकांना किंवा शुश्रूषा करणाऱ्यांना तुम्ही विचारलंत का? त्यापुढे 'नाही' लिहिलं तरी अर्ज मंजूर होई. वर्षानुवर्षं 'नाही' लिहिलं जात राहिलं. १९७१मध्ये ब्रॉड्रिक समितीने या सगळ्या पद्धतीचा आढावा घेतला, तेव्हा दाखल्यांच्या आड खून लपण्याची शक्यता फार थोडी, असाच तिचा सूर होता. तो अहवाल आला त्या वर्षी शिपमन लीड्समधून पदवी घेऊन नुकताच बाहेर पडला होता.

ही पद्धत भेदली ती तिच्याच एका सहीने. शिपमनच्या दवाखान्यासमोर ब्रुक सर्जरी नावाचा दुसरा दवाखाना होता. शिपमनच्या रुग्णांचे सी नमुने बहुतेकदा तिथलेच डॉक्टर भरत. तिथे नव्याने आलेल्या डॉ. लिंडा रेनल्ड्स यांना सह्या करता करता खटकू लागलं. त्यांच्या दवाखान्याचे रुग्ण शिपमनच्या साधारण तिप्पट. तरी तीन महिन्यांत त्यांच्याकडचे मृत्यू १४ आणि शिपमनचे १६. गावातल्या अंत्यसंस्काराची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींनीही तेच पाहिलं होतं. मेलेली माणसं आजारी दिसत नाहीत, कपडे घालून बसलेली असतात, आणि डॉक्टर एक तर मृत्यूच्या वेळी हजर असतो किंवा थोडाच वेळ आधी येऊन गेलेला असतो.

२४ मार्च १९९८ला रेनल्ड्स यांनी कॉरोनर जॉन पोलार्ड यांना कळवलं. पोलार्ड यांनी पोलिसांना सांगितलं. शिपमनच्या रुग्णांचे, अजून दहन व्हायचे असलेले मृतदेह त्या वेळी गावात होते. नमुने घेतले असते तर उत्तर तिथेच मिळालं असतं. पण तपास गुपचूप करायचा म्हणून पोलिसांनी मागवले दाखले. दाखल्यांवर हृदयविकार होता, पक्षाघात होता, वार्धक्य होतं. आरोग्य खात्याच्या सल्लागाराने रुग्णांचे केसपेपर पाहिले. तेही शिपमननेच लिहिलेले. ज्याच्यावर संशय, त्याच्याच हस्ताक्षरात पुरावा शोधणं चाललं होतं. त्याची जुनी शिक्षा कुणी तपासली नाही, नोंदणी परिषदेला विचारलं नाही, एकाही नातेवाइकाशी कुणी बोललं नाही. १७ एप्रिलला तपास बंद झाला. त्यानंतर शिपमनने आणखी तीन बायकांना मारलं. त्यांतली शेवटची कॅथलीन ग्रंडी.

ग्रंडी या हाइडच्या माजी महापौरांच्या पत्नी. मागे घर, पैसा आणि एक मुलगी. अँजेला वुड्रफ ही मुलगी स्वतः वकील, आणि आईची कागदपत्रं तीच पाहत असे. अंत्यविधी उरकल्यावर तिच्या हाती एक मृत्युपत्र आलं. टंकलेखन बेंगरूळ, चुकांनी भरलेलं, आणि सुमारे ३,८६,००० पौंडांची सगळी मिळकत डॉक्टरला. साक्षीदार म्हणून सह्या करणारे दोघे निघाले दवाखान्यात नंबर लावून बसलेले रुग्ण. आपण कशावर सही करतो आहोत हे त्यांना धड ठाऊक नव्हतं. त्या कागदात देहाचं दहन व्हावं अशी इच्छाही होती. पण तो पुढे येण्याआधीच कॅथलीन ग्रंडी यांचं दफन झालं होतं.

१ ऑगस्ट १९९८च्या पहाटे, उजाडण्याच्या आत, हाइडच्या दफनभूमीत ती कबर उघडण्यात आली. शवविच्छेदनात मृत्यूचं म्हणावं असं नैसर्गिक कारण सापडलं नाही. वार्धक्य हे कारण असेल तर ते देहात कुठे दिसत नव्हतं. मांडीच्या स्नायूंचे आणि यकृताचे नमुने प्रयोगशाळेत गेले. डायमॉर्फिन शरीरात गेल्यावर त्याचं लवकरच मॉर्फिन होतं, आणि मॉर्फिन पुरलेल्या देहातही दीर्घकाळ टिकतं. डॉक्टर असून शिपमनने नेमकं तेच औषध निवडलं होतं. त्या ऊतींमध्ये प्राणघातक मात्रेच्या वेळी असावं एवढं मॉर्फिन मिळालं.

पण विष सापडलं म्हणजे मृत्यूचं कारण सापडलं, असं होत नाही. औषधाने झालेल्या मृत्यूंत न्यायवैद्यकाची खरी कसोटी इथून पुढे सुरू होते. मेल्यानंतर औषध अवयवांमधून रक्तात झिरपतं, म्हणून हृदयाजवळचं रक्त फसवं असतं आणि मांडीसारख्या दूरच्या जागेला जास्त महत्त्व येतं. ज्याला अफूची सवय आहे तो इतराला मारणारी मात्रा पचवतो. म्हणजे नुसत्या आकड्याला अर्थ नसतो. तो आकडा कुणाच्या देहातला, त्या देहाचा पूर्वेतिहास काय, हे कळलं तरच अर्थ लागतो. शिपमनला हे ठाऊक होतं. त्याने सांगितलं, या बाई गुपचूप अमली औषध घेत असाव्यात, मला आधीपासून संशय होता, केसपेपर बघा. केसपेपरवर खरंच तशा नोंदी होत्या, मागच्या तारखांच्या.

त्या दाव्याला दोन उत्तरं मिळाली. पहिलं केसांनी दिलं. केस वाढताना शरीरातली औषधं त्यात बंदिस्त होतात, आणि केसाची लांबी ही महिन्यांची रोजनिशी ठरते. ग्रंडी यांच्या केसांत दीर्घकाळच्या व्यसनाचा माग नव्हता. दुसरं उत्तर संगणकाने दिलं. शिपमन रुग्णांच्या नोंदींना जुन्या तारखा देई. पण नोंद खरोखर कुठल्या दिवशी, किती वाजता टंकली, हे त्या प्रणालीत आपोआप साठत राही. हे त्याला माहीत नव्हतं. एका रुग्ण बाईच्या मृत्यूनंतर काही मिनिटांनी तिच्या नावावर महिन्यांपूर्वीचा हृदयविकार चढवलेला सापडला. मृत्युपत्र ज्या यंत्रावर टंकलं तो टाइपरायटर दवाखान्यातच होता. ग्रंडीबाई तो कधीकधी मागून नेत, असं उत्तर त्याने दिलं.

७ सप्टेंबरला शिपमनला अटक झाली. आणखी कबरी उघडल्या गेल्या, आणखी मॉर्फिन सापडलं. ५ ऑक्टोबर १९९९ला प्रेस्टनच्या न्यायालयात १५ खुनांचा खटला सुरू झाला. त्यांतले ९ मृतदेह पुरलेले होते, ६ जळून गेलेले. त्या सहांच्या बाबतीत देहाची साक्ष नव्हती. संगणकाच्या वेळा, दूरध्वनीच्या नोंदी आणि नातेवाइकांची आठवण एवढंच होतं. ३१ जानेवारी २०००ला पंधराही खुनांबद्दल त्याला जन्मठेप झाली. शेवटपर्यंत त्याने काही कबूल केलं नाही. १३ जानेवारी २००४ला, अठ्ठावन्नाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, वेकफील्डच्या तुरुंगात त्याने गळफास घेतला.

पंधरा हा आकडा खटल्याचा होता. खरा आकडा शोधायला जुने दाखलेच पुन्हा काढावे लागले, पण आता ते वेगळ्या नजरेने वाचले गेले. लेस्टरचे प्राध्यापक रिचर्ड बेकर यांनी शिपमनच्या २४ वर्षांतल्या ५२१ दाखल्यांची त्याच भागातल्या इतर डॉक्टरांच्या दाखल्यांशी तुलना केली. घरी झालेले मृत्यू अपेक्षेपेक्षा २३६ने जास्त निघाले. त्यांनी मृत्यूच्या वेळा मांडून पाहिल्या. इतर डॉक्टरांची माणसं दिवसरात्र कुठल्याही प्रहरी मरत होती. शिपमनची माणसं मरत होती दुपारी, दोनच्या आसपास, म्हणजे त्याच्या घरभेटींच्या वेळी. एकेक दाखला वाचला तर निर्दोष, सगळे एकत्र मांडले तर कबुलीजबाब. ते एकत्र मांडायचं काम मात्र कुणाच्याच टेबलावर नव्हतं.

न्यायमूर्ती डेम जॅनेट स्मिथ यांच्या चौकशी आयोगाने मँचेस्टरच्या टाउन हॉलमध्ये एकेका मृत्यूची सुनावणी केली. जुलै २००२च्या पहिल्या अहवालात २१५ खून निश्चित ठरले : १७१ बायका आणि ४४ पुरुष, सर्वांत तरुण ४१ वर्षांचा, सर्वांत वृद्ध ९३. अंतिम अंदाज सुमारे २५० वर गेला. तिसरा अहवाल सगळाच मृत्यूचे दाखले आणि कॉरोनर यांच्यावर होता. त्याचं सार असं, की मेलेल्या माणसाबद्दलची सगळी माहिती एकाच माणसाकडून येत होती आणि तीन सह्या त्या एकाच माहितीवर शिक्का मारत होत्या. ज्यांना वेगळं काही ठाऊक होतं, म्हणजे घरचे, शेजारी, अंत्यविधीची व्यवस्था करणारे, त्यांना विचारायची सोयच नव्हती. काल आई बाजारात गेली होती, तिला हृदयाचा काही त्रास नव्हता, असं सांगणारी मुलं घराघरात होती. दाखल्यावरचं कारण वाचून ती चमकली होती आणि डॉक्टरना जास्त कळतं म्हणून गप्प बसली होती.

ज्या वर्षी प्रेस्टनला हा खटला उभा राहिला, त्याच १९९९मध्ये मुंबईतलं कॉरोनरचं पद रद्द झालं. १८७१च्या कायद्याखाली कोलकाता आणि मुंबईत चालत आलेली ही इंग्रजी संस्था होती. त्यानंतर संशयास्पद मृत्यूची चौकशी इतर महाराष्ट्राप्रमाणे मुंबईतही पोलिसांच्या पंचनाम्याने होऊ लागली. दोन्हीकडे पद्धती वेगळ्या, पण घरी आलेल्या मृत्यूचा पहिला कागद एकच असतो. आपल्याकडेही वृद्ध माणूस घरी गेलं, की दारात गर्दी जमायच्या आत कुणीतरी नेहमीच्या डॉक्टरांकडे दाखल्यासाठी धावतं, कारण त्याशिवाय स्मशानात पुढचं काही होत नाही. डॉक्टर त्या घराला वीस वर्षं ओळखत असतात. ते नाडी पाहतात आणि लिहितात. संध्याकाळच्या आत चिता पेटते. बहुतेक वेळा दाखला खराच असतो. हाइडमध्येही शिपमन सोडून बाकीच्यांचे दाखले बहुतेक खरेच होते. तो त्यांच्याच विश्वासाच्या सावलीत उभा होता.

लिंडा रेनल्ड्स २००० साली कर्करोगाने गेल्या, आयोगाचा अहवाल यायच्या आधी. त्यांचं म्हणणं पुरतं अमलात यायला आणखी २४ वर्षं लागली. २००९मध्ये संसदेने कायदा केला, २०१९पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये दाखल्यांच्या स्वतंत्र तपासणीचं काम हळूहळू सुरू झालं, आणि ९ सप्टेंबर २०२४पासून ते सक्तीचं झालं. आता कॉरोनरकडे न जाणारा प्रत्येक मृत्यू 'मेडिकल एक्झामिनर' या स्वतंत्र डॉक्टरच्या नजरेखालून जातो, देह पुरायचा असो वा जाळायचा. तो केसपेपर पाहतो, दाखला लिहिणाऱ्याशी बोलतो. मग त्याच्या कार्यालयातून मृताच्या घरी फोन जातो. दाखल्यावर काय कारण लिहिलंय ते सांगितलं जातं, आणि विचारलं जातं : तुम्हाला हे पटतं का? काही खटकलं का?

सी नमुन्यावर तो प्रश्न शतकभर छापलेला होताच. आता त्यापुढे 'नाही' लिहून चालत नाही.